न्यायाधीशाच्या मानेतली टाचणी

पेपरात लेकाची तारीफ छापून आली, तेव्हा आई त्याच्याच पायमोज्याचं भोक शिवत बसली होती. सून चहा गार होऊ देत मोठ्यानं वाचत होती. एका नाटकात पाच भूमिका करणारा हा अष्टपैलू नट म्हणजे रंगभूमीचं भाग्य, असं समीक्षकानं लिहिलं होतं.

"आठ पैलू म्हणे," आई म्हणाली. "घरात एक दिसेल तर शपथ. परवा बल्ब बदलायला शेजाऱ्याला बोलावलं."

तोंडानं काही म्हणो, कान मात्र टवकारलेले होते. कारण समीक्षक आला होता त्या रविवारच्या दुपारच्या प्रयोगापासूनच याच अष्टपैलूनं तिला घरी बसवलं होतं. बावीस वर्षं विंगेत उभं राहून ती त्याचे कपडे बदलत आली. चोराचा न्यायाधीश करायला तिला चाळीस सेकंद पुरायचे. ओठांत टाचण्या धरून, अंधारात, शिव्या गिळत. त्या दिवशी झग्याच्या गळ्याचा हूक तुटला. चष्मा लावणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं, म्हणून तो पिशवीतच पडून. तिनं चाचपडत टाचणी खोचली आणि टोक राहिलं आत, लेकाच्या मानेकडे. न्यायाधीशानं मान वाकडी धरून, शब्दाशब्दाला थांबत फाशी सुनावली. आत येताच तो सगळ्यांदेखत म्हणाला, "आई, तुला आता दिसत नाही. उद्यापासून येऊ नकोस." दुसऱ्याच दिवशी नवी बाई आली, फटाफट चिकटणाऱ्या पट्ट्या घेऊन. बावीस वर्षांवर पट्टी चिकटली ती चिकटलीच.

सून पुढे वाचू लागली. चोर बरा, विधवा ठीक, डॉक्टर आणि पोस्टमन झकास. पण कळस न्यायाधीशाचा. मानेच्या त्या एका तिरक्या रेषेत, त्या अडखळत्या श्वासात म्हणे निकाल देणाऱ्याच्या मनाची सारी घालमेल उभी राहिली होती.

"टाचणी होती ती," आई म्हणाली. सुनेनं हसू दाबायला कप तोंडाला लावला.

खरी पंचाईत पुढच्या प्रयोगाला झाली. नव्या बाईच्या हातचा न्यायाधीश ताठ मानेनं उभा राहिला आणि प्रेक्षक खोकायला लागले. लेकानं मान मुद्दाम वाकडी करून पाहिली, तर उशीवर अवघडल्यासारखी दिसली. वर मॅनेजरनं निरोप आणला, की रविवारी बक्षीस समिती येणार, खास न्यायाधीश बघायला.

शनिवारी सकाळी लेक झगा घेऊन स्वयंपाकघरात आला. आई मटार सोलत होती. तो बराच वेळ नुसता मटार खात उभा राहिला.

"आई, ती टाचणी परत लावशील?"

"मला दिसत नाही ना?"

"म्हणूनच म्हणतोय."

"चारचौघांत हाकललंस, तर चारचौघांत बोलाव," ती म्हणाली. "आणि मटार ठेव खाली, भाजीला उरू देत."

रविवारी विंगेत, मॅनेजर आणि नव्या बाईसमोर, त्यानं खाली मान घालून सांगितलं, की माझं चुकलं, ही जागा आईची. आईनं मग पिशवीतून चष्मा काढला आणि ऐटीत नाकावर चढवला. चाळीस सेकंदांत चोर उतरला, झगा चढला, नवा हूक बिनबोभाट अडकला. पोटच्या पोराला दुसऱ्यांदा टोचायला ती काही समीक्षक नव्हती. तिनं त्याच्या मानेला फक्त नख लावलं.

"लावली. हलू नकोस, घुसेल."

न्यायाधीश बाहेर गेला तो मान मुठीत धरल्यासारखा. एकेक शब्द जपून टाकत त्यानं फाशी सुनावली, आणि समितीतल्या जाड्या गृहस्थांचं पेन जागच्या जागी थांबलं. सभागृहात कुणी खोकलं नाही.

तो घामाघूम होऊन आत आला. "आई, आज फारच टोचली. काढ लवकर."

आईनं हातातली टाचणी ओठांत धरून हूक सोडवला, झगा ओढून घेतला, पोस्टमनची टोपी त्याच्या डोक्यावर दाबून बसवली. बोलली मात्र काही नाही. तोंड उघडलं असतं, तर ओठांतली टाचणी खाली पडली असती.