दिसलं तेवढंच

बाईंनी वहीत तिसऱ्यांदा तोच शब्द लिहिला: हट्टी. शेजारून एक पेन्सिल आली आणि त्या शब्दावर आडवी रेघ मारून गेली.

"हट्ट कुठे दिसला तुम्हाला?" मार्गदर्शिकेने दबक्या आवाजात विचारलं.

"अहो, तासभर तेच चाललंय या मुलीचं. तीच बाटली, तेच झाकण."

"मग तेच लिहा ना. बाटली, झाकण."

पेन्सिल खालच्या ओळीवर सरकली. तिथे 'कंटाळली' असं लिहिलेलं होतं.

"कंटाळा दिसला?"

"जांभई दिली तिने."

"मग जांभई लिहा."

बाईंनी जांभई लिहिली. त्यांचे कान तापले होते. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत रेघा मारण्यात गेली आणि आता ही काल-परवाची पोर त्यांच्याच वहीत रेघा मारत होती, तेही इतक्या हलक्या हाताने, की चिडायलासुद्धा धड जागा सापडू नये.

त्यांच्या शाळेने यंदा मुलांच्या कलाने शिकवायचं ठरवलं होतं. त्यासाठी प्राथमिकच्या सगळ्या शिक्षकांना दोन आठवड्यांचा वर्ग सक्तीचा केला होता. मुलांवर सक्ती नको हे शिकण्यासाठी आपल्यावर सक्ती, असं बाईंनी शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवलं होतं. सगळे हसले आणि सगळ्यांनी निमूटपणे नावं नोंदवली. दुपारी व्याख्यान असे. सकाळी या बालघरात एका बुटक्या स्टुलावर बसून एकाच मुलाकडे तीन तास पाहायचं. बोलायचं नाही, मदत करायची नाही, कौतुक तर मुळीच करायचं नाही. दिसेल तेवढं लिहायचं.

बाईंच्या वाट्याला भिंगरी आली होती. साडेचार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरच्यांनी हे नाव ठेवलं होतं म्हणे. बाईंच्या नजरेखाली आल्यापासून मात्र ती जागची हलली नव्हती. तिच्यापुढे लाकडी खोक्यात सात बाटल्या होत्या, सातही वेगळ्या आकारांच्या. सगळी झाकणं काढायची, सतरंजीवर मांडायची, पुन्हा ज्याचं त्याला लावायचं. भिंगरी ती लावत होती. बहुतेक वेळा चुकीची.

दुसऱ्या दिवशी निळ्या बाटलीवर ती मोठं झाकण फिरवत बसली. ते बसणार नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाईंनी घड्याळ पाहिलं. नऊ चाळीस. मग नऊ सत्तेचाळीस. त्यांचा पाय हलायला लागला. नऊ बावन्नला त्यांच्याच्याने राहवेना. त्या वाकल्या, योग्य झाकण उचललं आणि दोन फिरक्यांत बसवून दिलं.

भिंगरीने बाटलीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने खोक्याला पुन्हा हात लावला नाही.

"ते तिचं काम होतं," मार्गदर्शिका नंतर एवढंच म्हणाली.

"तीस-तीस पोरं सांभाळलीत मी एका वर्गात. एकेकाच्या झाकणाची वाट पाहत बसले असते, तर बाराखडी दिवाळखोरीत निघाली असती. माझी मुलं वाचायला लागली, लिहायला लागली."

"हो," मार्गदर्शिका म्हणाली.

तिने वाद घातला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो 'हो' त्यांच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत वाजत राहिला.

दुपारच्या व्याख्यानात बालपणाचे टप्पे होते. सहा वर्षांपर्यंत मूल हातांनी विचार करतं. सहा ते बारा या वयात त्याला सगळ्याचं कारण हवं असतं. बारानंतर ते पुन्हा तान्ह्या बाळाइतकं नाजूक होतं, फक्त तसं दिसत नाही. बाईंनी टप्प्यांखाली पट्टीने रेघा मारल्या, पुढे परीक्षा होती म्हणून. तान्ह्या बाळाचं वाक्य ऐकून मात्र त्यांनी शेजारणीकडे पाहून डोळे फिरवले. त्यांच्या घरी एक सतरा वर्षांचं तान्हं बाळ होतं आणि ते दाराला लाथ मारून आत जात असे.

घरी त्या आणि लेक, दोघीच. वडील फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातून चार दिवस येत. लेकीसाठी बाईंकडे तीन शब्द ठरलेले होते: आळशी, घुमी, बेफिकीर. भांडणात ते याच क्रमाने येत.

"कॉलेज कसं चाललंय?"

"चाललंय."

"अभ्यास?"

"हं."

"हं काय? तोंडात गुळणी धरलीयस?"

त्यावर मुलगी ताट उचलून आत गेली, आणि दिवसभर साठलेलं सगळं बाईंनी भांड्यांवर काढलं.

एरवी बाई पावणेसातला घर सोडत. मुलगी मागाहून, आपल्या वेळेने. या दोन आठवड्यांत मात्र बाईंना साडेआठला निघायचं होतं, त्यामुळे मुलीचं निघणं त्यांच्यासमोर होई. पावणेआठला ती चपला घाली, "जाते" म्हणे आणि दार ओढून घेई. बाई चहा घेत ते ऐकत असत. त्यात ऐकण्यासारखं काही होतं असं त्यांना वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी दार लागलं आणि बाईंचा कप ओठांपाशी थांबला.

पावलं वर गेली होती.

त्यांनी कान दिला. वर फक्त गच्ची होती. काहीतरी विसरली असेल. वाळत घातलेलं काढायला गेली असेल. मैत्रिणीला फोन करत असेल, नाही, मैत्रीण कसली, कोणी मुलगाच असेल. एवढं सगळं त्यांच्या मनात एका दमात येऊन गेलं, आणि तीन दिवसांच्या सवयीने त्या एकेकावर आपणच रेघ मारत गेल्या. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. मग काय उरलं? दार लागलं. पावलं वर गेली. खाली आली नाहीत.

कालही वरच गेली होती. परवाही. आता आठवत होतं.

सव्वाआठला त्या अनवाणीच जिना चढल्या.

गच्चीचं दार बंद होतं. दाराअलीकडच्या शेवटच्या पायरीवर मुलगी बसली होती. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं. त्याच्या घड्या इतक्या मऊ पडलेल्या, की ते आजचं नव्हतं हे दिसत होतं. चपला भिंतीला लावून नीट ठेवलेल्या. मांडीवर डबा उघडा, त्यातला निम्मा संपलेला, सकाळी सव्वाआठला. आई बाहेर पडण्याची ती वाट पाहत होती. आई गेली की खाली उतरायचं आणि घरात शिरायचं.

मुलीने डब्याचं झाकण लावलं. मग मान खाली घातली.

बाईंच्या घशात शब्दांची रांग लागली होती. फी, हजेरी, बाप तिकडे राबतोय, मी इकडे मरतेय, लाज नाही वाटत. सगळे तयार, पाठ असलेले. पहिला शब्द ओठांशी आलाही होता. मग त्यांचं लक्ष मुलीच्या अंगठ्याकडे गेलं. तो डब्याच्या कडेवरून पुढे जात होता, मागे येत होता, न थांबता. नखाच्या बाजूची कातडी सोललेली होती. ही जखम किती दिवसांची आहे, हे बाईंना माहीत नव्हतं.

त्या एक पायरी खाली बसल्या. पायरी गार होती.

"तुला उशीर होईल," मुलगी म्हणाली.

"होईल."

"ओरडणार नाहीस?"

"ठरलं नाहीये अजून."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ओठांचा एक कोपरा किंचित हलला आणि पुन्हा जागेवर गेला.

खाली कुणीतरी बादली आपटली. साडेआठ वाजून गेले. बाईंच्या कंबरेत कळ आली आणि त्या मनातल्या मनात करवादल्या. या वयात जिन्यात बसायचं म्हणजे काय. पण उठल्या नाहीत. भिंतीचा रंग कुठे कुठे निघालाय, ते पाहत राहिल्या.

"आणि मग मी बसले, की सगळ्या उठून पुढच्या बाकावर जातात," मुलगी म्हणाली. "रोज. सर आले तरी."

ती अशी मधूनच कुठूनतरी बोलली होती. कोण सगळ्या? कधीपासून? तू काय केलंस? मला का नाही सांगितलंस? पहिल्यापासून नीट सांग, असं म्हणायला बाईंनी श्वासही घेतला.

मुलगी थांबली होती. आईच्या तोंडाकडे पाहत होती.

बाईंनी तो श्वास तसाच सोडून दिला.

मुलीचा अंगठा थांबला. तिने डबा खाली ठेवला, पाय पोटाशी घेतले, आणि पुढचं सांगायला लागली.