अंगठ्याशिवायची गाठ

पाहुणी पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आली तेव्हा तिने दाराशी मान खाली घातली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

आमचं दार बुटकं आहे. वरची तुळई एवढी खाली आली आहे की नवीन माणूस हटकून डोकं आपटतो. माल न्यायला येणारे दुकानदार आपटतात, मीटर बघायला येणारा दर वेळी आपटतो आणि दर वेळी शिव्या घालतो. वहिनी लग्न होऊन आली त्या दिवशी तीही आपटली होती, ते ती अजून सांगते. ही बाई मात्र पिशवीतले कागद चाचपत, दाराकडे न बघता वाकून आत आली आणि आत येऊन सरळ उभी राहिली.

"मी तुमच्या मोठ्या काकांची नात," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही माझ्या आत्या."

तिशीची असेल. साधे कपडे, बोटांना शाईचे डाग. मी हातातला झाडू तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, बसल्या जागेवरून विचारलं, "कोणाची नात?"

मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. तरुणपणी बोटीवर चढले ते परत आले नाहीत. काही वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. पण आजोबांच्या मागे घराच्या कागदावर दोघा भावांची नावं लागली होती, ती तशीच राहिली. पुढचा अर्धा भाग बाबांचा, मागचा अर्धा काकांचा. मागच्या भागात आमचा झाडूंचा कारखाना आहे आणि त्याला लागून माझी खोली. मी नवरा गेल्यावर माहेरी परत आले तेव्हापासून तिथेच राहते. काकांचं कोणी कधी आलं नाही म्हणून आम्ही ते सगळं आपलंच धरून चाललो होतो. ही बाई खरी निघाली तर दादाचा धंदा जाणार होता आणि माझ्या डोक्यावरचं छप्पर.

दादाने तिला स्टूल दिलं नाही. उभीच ठेवली.

"काकांच्या मुलाची मुलगी की मुलीची?"

"मुलाची."

"मग तुझा जन्माचा दाखला दाखव, बापाचं नाव असलेला."

"तो दुसऱ्या कचेरीत आहे. अर्ज केलाय, यायचाय."

तिच्याकडे काकांच्या लग्नाच्या नोंदीची नक्कल होती, मुलगा झाल्याची नोंद होती, आजोबांचं नाव बरोबर होतं, आमच्या गल्लीचं जुनं नावही बरोबर होतं. दादाने एकेक कागद उजेडात धरून पाहिला.

"सगळे कागद आले आणि नेमका तेवढाच यायचाय," तो म्हणाला. "हे तुला मिळाले कुठून?"

"माझं कामच ते आहे. कचेऱ्यांमधल्या जुन्या वह्या वाचायच्या आणि नोंदी संगणकावर चढवायच्या. दिवसभर दुसऱ्यांचे पणजोबा शोधते. म्हटलं, आपलेही शोधावेत."

"आणि सापडले तर काय मागणार त्यांच्याकडे?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. फक्त कोण कुठे होतं ते लिहून घ्यायचंय."

ती गेल्यावर वहिनी म्हणाली, "वन्सं, काही नको म्हणणारी माणसं फार महागात पडतात."

मी दाराची गोष्ट सांगितली. वहिनीने गालावर हात ठेवला. "म्हणजे आधी टेहळणी करून गेलीय. अहो, ऐकलंत का? रात्री कड्या नीट लावत जा."

"झाडू चोरायला येणार आहे का ती?" दादा खेकसला, पण त्या दिवसापासून कड्या तो स्वतः लावू लागला.

पाहुणी जवळच्या लॉजमध्ये उतरली होती. रोज सकाळी यायची, एका जाड कागदावर आमची वंशावळ काढायची आणि प्रश्न विचारायची. मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. विचित्र एवढंच होतं की तिचे प्रश्न पणजोबांबद्दल कमी आणि कारखान्याबद्दल जास्त असायचे. गवत अजून त्याच व्यापाऱ्याकडून येतं का? शेंडे छाटायचं पातं तेच आहे का? कोण कोणत्या बाकड्यावर बसायचं?

"हे बाबांचं," मी दाखवलं. "हे दादाचं. हे माझं."

"आणि ते कोपऱ्यातलं?"

त्या बाकड्यावर गवताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. मी दादाकडे पाहिलं. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"ते रिकामंच असतं," मी म्हणाले.

ते धाकट्याचं बाकडं. आमच्या धाकट्या भावाला झाडू बनवायचं यंत्र घ्यायचं होतं, दादाला नको होतं. त्यावरून भर कारखान्यात दोघांची जुंपली आणि दादा म्हणाला, पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस. धाकट्याने ते अक्षरशः ऐकलं. त्याला आता इतकी वर्षं झाली की आमचे काळे केस पांढरे झाले. घरात त्याचं नाव काढायचं नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी काढत नव्हतं. परक्या बाईपुढे ते कशाला उगाळू?

अखेर दादाची सहनशक्ती संपली. त्याने एक पेंढी आणि सुतळीचं रीळ उचललं आणि पाहुणीच्या पुढ्यात टाकलं.

"कागद राहू दे. घरातली असशील तर बांधून दाखव."

आता आमची गाठ कशी असते ते सांगायला हवं. बाबांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. छाटायच्या पात्याखाली गेला होता. मी त्यांना पाहिलं ते तसंच. सुतळीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, दुसरं हाताच्या पहिल्या दोन बोटांत कात्रीसारखं धरायचं, पेंढीला तीन वेढे घ्यायचे आणि शेवटचा ओढा दातांनी द्यायचा. आम्ही तिघं भावंडं त्यांच्याकडून शिकलो, त्यामुळे अंगठे धडधाकट असूनही आम्ही ते बाजूला धरूनच बांधतो. कामाला ठेवलेल्या माणसांतल्या एकालाही ही गाठ कधी जमली नाही. जमवावी असं कोणाला वाटलंही नाही. हाताला अंगठा असताना तो बाजूला कोण ठेवेल? वहिनीसुद्धा सरळ गाठ मारते आणि आम्हाला हसते.

पाहुणीने पेंढीकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडेल किंवा पिशवी उचलेल. तिने चप्पल काढली, जमिनीवर बसली, सुतळी पायाच्या अंगठ्यात अडकवली. मग उजव्या हाताचा अंगठा तळहाताला चिकटवून, दोन बोटांत दोरी धरून वेढे घेतले आणि शेवटी वाकून दातांनी ओढा दिला. गाठ काही फार चांगली बसली नाही. पण आमचीच होती.

"अगं बाई," वहिनी म्हणाली, "हिचेही दात झिजणार म्हणजे!"

दादाने तो झाडू हातात घेतला, उलटा करून गाठ पाहिली, पुन्हा पाहिली. मग उठून माठातलं पाणी प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "जेवायला वाढ तिला."

त्यानंतर त्याने अर्ध्या घराचा विषय काढला नाही. दाखला आला का, हेही विचारलं नाही. मला तर पाहुणीपेक्षा दादाचाच जास्त संशय येऊ लागला. सुतळीच्या एका गाठीवर घर सोडून देणारा माणूस तो नव्हे. भाजीवाल्याशी मिरच्यांवरून भांडतो. या माणसाला भूल पडली की काय?

निदान काकांच्या मुलाचं नाव तरी पडताळून बघावं म्हणून मी पत्रांचा डबा काढला. ही पत्रं आली तेव्हा घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवायचा आणि उत्तरही लिहून द्यायचा, घाईघाईत, एक पाय सायकलवर ठेवून. काकांनाही लिहिता येत नव्हतं, ते तिकडे कोणाकडून तरी लिहून घ्यायचे, म्हणून दर पत्राचं अक्षर वेगळं. मला वाचता येऊ लागलं ते केस पांढरे झाल्यावर. छापलेलं जमतं, हाताने लिहिलेलं वाचताना अजून बोट ठेवावं लागतं. दुपारी खोलीच्या दारात उजेडाला बसून मी एकेक ओळ लावत गेले. हवापाणी, बोटीवरचं काम, लग्न ठरल्याची बातमी. मग एका पत्रात हे आलं:

"भावाचा अंगठा पात्याखाली गेल्याचं तुमच्या पत्रावरून कळलं. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. आता तो गाठ कशी मारणार, हे मला इथे बसून समजत नाही."

मी बोट तिथेच ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा, मोठ्याने.

काका गेले तेव्हा बाबांना अंगठा होता. बाबांची ती गाठ काकांनी कधी पाहिलीच नव्हती. ते स्वतः सरळ गाठ मारत असणार, चारचौघांसारखी. त्यांच्या मुलाला, नातीला ही गाठ येण्याचं काही कारणच नव्हतं. बाई खोटी होती. आणि आम्ही तिला ज्या गोष्टीवरून खरी मानलं, तिच्यावरूनच ती खोटी ठरत होती.

उठून वहिनीला हाक मारणार होते. पण मग ती गाठ तिला शिकवली कोणी? कामाची माणसं नव्हेत. वहिनी नव्हे. ही गाठ येणारी माणसं या जगात तीनच होती. त्यातली दोन रोज एकमेकांसमोर बसून झाडू बांधत होती.

मी डबा मिटला आणि कारखान्यात गेले. दादा माल पोचवायला गेला होता. पाहुणी एकटीच कागदावर रेघा ओढत बसली होती.

"तुझा दाखला आला का गं?" मी विचारलं.

"नाही आत्या. पुढच्या आठवड्यात—"

"काकांनी ही गाठ कधी पाहिली नव्हती."

तिने पेन खाली ठेवलं. मान वर केली नाही.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "हात थरथरतात. गाठ बसत नाही आता. तरी घरातला झाडू स्वतःच बांधतात आणि सुटला की पुन्हा बांधतात. इथे यायचंय त्यांना. पण विचारणार नाहीत."

"मग तू सरळ त्याची मुलगी म्हणून का नाही आलीस? हे काकांचं सोंग कशाला?"

"बाबा म्हणाले, माझं नाव सांगितलंस तर दादा ऐकूनच घेणार नाही. काकांच्या नावाला मात्र दार उघडेल, भीतीपोटी का होईना. आधी बघून ये, दादा कसा आहे. आणि आत जाताना डोकं सांभाळ, म्हणाले."

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. "आणि काकांचा मुलगा? तो कुठे आहे? उद्या तो आला तर?"

"तो लहानपणीच गेला, आत्या. मृत्यूची नोंद मीच शोधली. त्यांच्यामागे कोणी नाही. तो कागद पिशवीत आहे, दाखवायची हिंमत होत नव्हती." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सांगणार तुम्ही?"

"तूच सांगायला हवं होतंस. आता जा लॉजवर. मी बघते."

दादा परतला तेव्हा मी दारात उभी होते. कसं सांगावं याची दहा वाक्यं जुळवून ठेवली होती. तो माझ्या बाजूने वाकून आत शिरला, गाडीच्या दोऱ्या खुंटीला लावल्या आणि कोपऱ्यातल्या बाकड्यावरच्या पेंढ्या उचलून भिंतीकडे रचू लागला.

"दादा, ती काकांची नात नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बाबांचा अंगठा गेला तेव्हा मी इथे, या दारात उभा होतो. तू जन्मलीही नव्हतीस. काका त्याच्या कितीतरी आधी गेले होते." त्याने आणखी एक पेंढी उचलली. "तू कुठून शोधलंस?"

"पत्रात आहे."

"हं. वाचायला शिकून फारच चौकस झालीस."

"मग इतके दिवस गप्प का बसलास? मी इथे छपराच्या काळजीने अर्धी झाले."

"ती स्वतः सांगते का बघत होतो. कुठली सांगतेय. बापावर गेलीय." तो धापा टाकत बाकड्यावर टेकला, धाकट्याच्या, आणि हाताने त्याची फळी झाडू लागला. धूळ उडाली तशी तोंड फिरवून त्याने विचारलं, "काय म्हणते? तो कसा आहे?"

"हात थरथरतात. गाठ बसत नाही."

दादा फळी पुसत राहिला. स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

"दात आहेत ना अजून?"

"ते मी नाही विचारलं."

"मग विचार उद्या," तो म्हणाला. "आणि नुसती उभी राहू नकोस. ती शेवटची पेंढी जड आहे, दुसऱ्या बाजूने धर."