राखेवरचं झाकण

भाताचं झाकण उचलून बघितल्याशिवाय शांतवन पाटोळ्यांना चैन पडत नाही, हे सगळ्या देवळाली प्रवरेला ठाऊक. असला उतावळा माणूस साखर कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं टिकला कसा, देवच जाणे. टिकला खरा, आणि काचेची ओळख त्याला तिथंच झाली. उसाबरोबर आलेली माती न् वाळू चिपाडाच्या राखेत मिसळली, की जाळात तिचा हिरवट पाक व्हायचा आणि खालच्या जाळीवर थिजून बसायचा. बॉयलर थंड झाला की तो पहारीनं फोडायचा, वर त्याला शिव्या घालायच्या, हेच काम.

आणि आता रिटायर झाल्यावर हा गडी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तीच काच करायला बसलेला. लोक हसले. हसू द्या, लोकांचं काय जातंय. खरं कारण चर्चच्या खिडकीत होतं. बायकोच्या, हन्नाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, चर्चला एक हिरवी काच दिली होती. सहा वर्षांपूर्वी ती नव्यानं बसवली तेव्हा सुतार बजावून गेला, दोन दिवस पुट्टी वाळू द्या, हात लावू नका. शांतवननी दुसऱ्याच सकाळी शिडी लावली आणि घट्ट बसली का म्हणून अंगठ्यानं दाबून पाहिली. तेव्हापासून तिथं प्लायवूड आहे. हन्ना दर रविवारी बरोब्बर त्याच्यासमोरच्या बाकावर बसते, आणि सहा वर्षांत त्याबद्दल अवाक्षर बोललेली नाही. एकदा कडकडून भांडली असती तर परवडलं असतं. ते न बोलणं शांतवनना आतून खात होतं.

सोनाराकडून आणलेल्या मोठ्या मुशीत वाळू, धुण्याचा सोडा आणि चुना घालायचा, ब्लोअर लावून कोळसा फुलवायचा, पाक लोखंडी चौकटीत ओतायचा, इथवर त्यांना जमत होतं. पण ओतलेली काच गरम राखेत पुरून तीन दिवस ड्रममध्ये झाकून ठेवावी लागते. गार वारा लागला की तडकली. पहिल्या तीन काचा शांतवननी ‘जरा बघतो’ म्हणत राख उकरून घालवल्या. चौथी ओतली त्या बुधवारी मूससुद्धा चिरली. रविवारी ईस्टर. आता दुसरी काच काही होत नव्हती.

त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली हन्नाच्या हातावर ठेवली. “शनवारपत्तुर मला देऊ नको. पाया पडलो तरी न्हाई.”

तिनं मुकाट्यानं किल्ली कनवटीला लावली.

गुरुवार कसा गेला ते त्यांचं त्यांना माहीत. चहा अर्धा टाकून उठले, पत्र्याला कान लावून आले. दाढी अर्धवट ठेवून पुन्हा गेले. दोनदा किल्ली मागितली, दोनदा हन्नानं नुसती मान हलवली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिचं डोकं दुखत होतं, म्हणून ते एकटेच उपासनेला गेले. पाळकसाहेब ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर बोलत होते. शांतवनचा पाय हलत होता, नजर प्लायवूडवर. चौथ्या उद्गारापर्यंत त्यांनी घड्याळ वीसदा बघितलं. आणि मग त्यांच्या डोक्यात आलं, की तापानं फणफणलेली असतानाही हन्नानं कधी उत्तम शुक्रवार चुकवलेला नाही. ते तसेच उठून घराकडे निघाले.

खोलीचं दार उघडं होतं. ड्रमचं झाकण बाजूला पडलेलं, हन्ना जमिनीवर बसलेली. बोटं राखेनं माखलेली. आत काच होती आणि तिच्यातून या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा गेला होता.

“मी उघडलं,” ती म्हणाली. “आबांच्या काचेवानी हिरवी झाली का, तेवढंच बघायचं हुतं. वरची राख सारली, तर टण्णकन वाजलं.”

शांतवनना संताप आला. एक दिवस, फक्त एक दिवस राहिला होता. जिभेवर आलेलं सगळं त्यांनी गिळलं आणि गप्प उभे राहिले.

“अवं, बोला की कायतरी,” हन्ना म्हणाली. “आसं गप नका ऱ्हाऊ.”

गप्प राहिलेल्या माणसासमोर उभं राहणं काय असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते खाली तिच्याशेजारी बसले.

“मग? झाली का तशी हिरवी?”

“झाली,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “डिट्टो तशीच. तुमी का दाबली वं ती काच? सुतार सांगून गेल्ता ना? आबांनी बैल इकून आणल्ती ती. सहा वर्सं मी त्या फळकुटाकडं बघत बसते, तुमाला काय कळतंय का?”

ती बोलत राहिली. लग्नापासूनचं सगळं निघालं, भातावरची झाकणंसुद्धा. शांतवननी मधे एकदा हात लांब करून राख पुन्हा काचेवर सारली आणि ड्रमवर झाकण ठेवलं. दोन तुकडे मधे पट्टी घालूनही खिडकीत बसवता येतात. तेवढ्यात हन्ना थांबली, पदरानं नाक पुसलं.

“आजून हाय,” ती म्हणाली.

“बोल,” शांतवन म्हणाले.