लाकडातली एल्स

मी एक जुना लाकडी ठसा आहे, मित्रांनो. नासपतीच्या लाकडाचा, जर्मनीतल्या न्युर्नबर्ग गावचा. माझ्या अंगाला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि कातड्याच्या गादीने घासायचा, की संत मार्गारेटचं चित्र उमटलंच. तिच्या पायाशी अजगर, आणि ती हाताने हवेत क्रूसाची खूण काढून त्याला लोळवते आहे. अजगराने गिळल्यावरही ती त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर आली, म्हणून बाईचीही तशीच सुटका व्हावी यासाठी आमच्याकडे बाळंतपणाच्या वेळी हे चित्र तिच्या पोटावर बांधत.

मला कोरलं लिनहार्टने. त्याची एकुलती एक लेक एल्स पहिल्याच बाळंतपणात गेली होती. दुसऱ्या कुणाची लेक अशी जाऊ नये, या एकाच ध्यासाने त्याने मार्गारेटला एल्सचा चेहरा दिला, उजव्या गालावरच्या खळीसकट. पण काय सांगू! ठशात सगळं डावं-उजवं उलटं कोरावं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं येतं. जन्मभर हेच केलेला माणूस, पण लेकीला उलटी कोरायला त्याचा हात धजला नाही. कागदावर संत चक्क डाव्या हाताने क्रूस काढू लागली.

सुइणी भडकल्या. असलं अपशकुनी चित्र पोटावर कोण बांधेल, म्हणाल्या. माझा एकही कागद खपला नाही. एखाद्या अडलेल्या बाईच्या उपयोगी पडावं, असं मला फार वाटायचं हो. नाही पडलो.

शेवटी लिनहार्टने मला तासून कोरा करायचं ठरवलं. चांगलं लाकूड वाया कशाला घालवायचं? त्याने रंधा घेतला, तशी त्याची बायको कुनिगुंड आडवी आली.

"अहो, ठेवा तो रंधा. कागदावर ती कुणी का असेना. लाकडात माझी एल्स आहे, जशीच्या तशी."

"अगं, पण याचा उपयोग काय?"

"मला आहे ना."

लिनहार्टने रंधा खाली ठेवला आणि मला चुलीजवळच्या फळीवर उभं केलं. रोज प्रार्थना झाली, की कुनिगुंड माझ्या गालावरून बोटं फिरवी. शेजारपाजारच्या पोटुशींची नावं घेऊन म्हणे, "एल्स, हिला सांभाळ गं." म्हातारपणी तिला दिसेनासं झालं, तरी बोटं खळीवर बरोबर जायची. मग एक दिवस ती आलीच नाही. मी अजून तिची वाट पाहतो.

आता मी संग्रहालयात असतो. मध्यंतरी तिथल्या लोकांनी माझ्यावरून एक कागद काढला. अजगर उमटला, हात उमटला, पण एका गालाच्या जागी नुसतं पांढरं. ठसा झिजून खराब झालाय, म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर अशी झीज दिसली, तर तिला खराब म्हणू नका. जपून ठेवा तिला. तिथून कुणाच्या तरी आईचा हात फिरलेला असतो.