दाल्व्हाची झोळी कुठे टांगली होती

मित्रांनो, मी एक जुनी, झोपायची झोळी आहे. मागच्या मंगळवारी लुझानिराने माझी उसवलेली झालर शिवली, दाताने दोरा तोडला आणि लेकीला फोन केला, "दाल्व्हा, रविवारी येताना कॉफी आण गं, संपत आलीय." एवढंच. बुधवारी ती उठली नाही.

मला तिनेच विणलं, दाल्व्हाच्या जन्माआधी. आमच्या गावात पलंग नसतात. ज्या घराच्या खुंट्यांना मुलाची झोळी, ते मुलाचं घर. दाल्व्हाच्या तापाचा घाम, सांडलेलं दूध, सगळं मी शोषलं. लुझानिरा मला धुऊन कुंपणावर वाळत घालायची, तेव्हा येणारे-जाणारे माझी वीण वाखाणायचे.

दाल्व्हाचा बाप जेनिवाल दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या बाईबरोबर राहायचा. मूल ज्या पालकाजवळ राहतं, त्याला मुलाचा सरकारी भत्ता मिळतो. तो लुझानिराला मिळत होता. दाल्व्हा नऊ वर्षांची असताना जेनिवालने कचेरीत अर्ज केला, की मुलगी माझ्याकडेच असते. कचेरीतून घर तपासायला येणार, त्या दिवशी लुझानिरा लोकांचे कपडे धुवायला गेली होती. त्याने मला खुंटीवरून ओढलं आणि काखोटीला मारलं. बिअरचा आणि स्वस्त अत्तराचा तो वास! अजून आठवला की किळस येते.

त्याच्या भिंतीत खुंट्या नुकत्याच ठोकलेल्या होत्या. खाली चुन्याचा भुगा तसाच पडलेला. दाल्व्हाला त्याने शाळेतून परस्पर आणलं होतं.

"बाई विचारतील त्याला हो म्हणायचं. नाहीतर तुझ्या आईला पोलीस नेतील. कळलं ना, राणी?"

कचेरीतल्या बाईंनी मला चाचपलं. "रोजच्या वापरातली दिसते. इथेच झोपतेस ना गं, बाळ?"

दाल्व्हाने मान डोलावली.

"माझ्याशिवाय झोपच येत नाही हिला," जेनिवाल हसला.

संध्याकाळी त्याने मला लुझानिराच्या दारात फेकलं. "घे तुझं फडकं. काम झालं."

दोन वर्षं भत्ता त्याने खाल्ला. मोटरसायकलवर भलामोठा स्पीकर बसवला. इकडे दाल्व्हाच्या चपलेचा तुटका पट्टा लुझानिरा खिळा टोचून अडकवत होती. तिने लेकीला कधी काही विचारलं नाही, लेकीने कधी सांगितलं नाही. पुढे दाल्व्हा शहरात गेली. मी पेटीत पडले; ती यायची असली की तेवढी बाहेर निघायचे.

काल लुझानिराच्या सातव्या दिवसाची प्रार्थना झाली. चर्चमधून जेनिवाल इथे आला आणि खुशाल माझ्यात बसला.

"पोरीला मीच सांभाळलं," तो कॉफी भुरकत म्हणाला. "कचेरीत कागद आहे."

"हो तर!" शेजारीण नेऊझा फणकारली. "कागद तुझा, आणि खिळ्याची चप्पल लुझाची."

मित्रांनो, लेकराची झोळी असो की अंथरूण, नीट जपा. ती कुणाच्या खोटेपणाला उसनी जाऊ देऊ नका. आम्हांला बोलता येत नाही हो.

दाल्व्हा उठली. "उठा त्यातून," ती बापाला म्हणाली. तो उठेपर्यंत ती उभी राहिली. मग आईची झोळी टांगलेली असायची त्या रिकाम्या खुंटीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"मी इथे झोपत होते, आई. तुझ्याजवळ. त्या दिवशी मी खोटं हो म्हटलं."