पुलावरची काळी माती

वैदेहीनं बाटलीतलं पाणी पुलाच्या बरोबर मधोमध ओतलं आणि उकिडवी बसून ती बघत राहिली. मधे बोटभर उंचवटा तिनंच ठेवला होता; पाणी दोन्ही टोकांकडं पळायला हवं होतं. ते हललं नाही, तिथंच साचलं. म्हणजे पूल मधे दबला होता.

बारामतीत कालव्याच्या अल्याडची बाग नि पल्याडची बाग जोडणारा हा पायी जायचा पूल, दोन्ही अंगांना झाडांचे वाफे असलेला. दीड वर्ष तिनं त्याच्या नकाशांवर डोळे फोडले होते. चार वाजता उद्घाटन, आणि सगळ्यात आधी तीनशे शाळकरी मुलं त्यावरून चालत जाणार होती. आता दोन वाजले होते.

तिनं जवळच्या वाफ्यात हात घातला. वर नारळाचा भुसा, हलका, अगदी तिनं सांगितला तसा. मनगटापर्यंत हात गेला आणि बोटांना काहीतरी गार, चिकट लागलं. बाहेर काढलं तर काळीभोर माती. ओली काळी माती वजनाला भुशाच्या दुप्पट भरते, आणि पुलाचं सगळं गणित भुशावर मांडलेलं.

रोपवाटिकेचे दत्तोबा कठड्याशी पाणी देत होते. पुलावरचं एकूण एक झाड त्यांनी कन्हेरी गावात दोन वर्षं वाढवलेलं. वैदेहीनं काळी मूठ त्यांच्यापुढं धरली. म्हातारा आधी हसला.

“आमच्या रानातली हाय, ताई. लेकरू परक्या घरी द्यायचं तर संगं आपली माती द्याया लागती. त्या भुशात झाड जगतंय व्हय?”

“मग वर भुसा कशाला, आबा?”

“तुमाला वाईट वाटाया नगं म्हून.”

रागवावं की कपाळावर हात मारून घ्यावा, तिला कळेना. तिनं वजनाचं समजावून सांगितलं, मधे साचलेलं पाणी दाखवलं. घाम पुसायला दत्तोबांनी टोपी काढली ती हातातच राहिली.

खरं सांगायचं तर तिचा राग दत्तोबांवर टिकतच नव्हता. गेल्या आठवड्यात तपासायला तीच आली होती. पेनाच्या टोकानं वरचा भुसा उकरला, उन्हाला वैतागली, सही ठोकली आणि ऑफिसच्या मंडळींबरोबर भिगवणला मासे खायला पळाली.

तिनं वरिष्ठांना, रणजितसाहेबांना फोन लावला. कालव्याच्या वाऱ्यात ऐकू येईना म्हणून स्पीकर सुरू केला. साहेब म्हणाले, आजचं उरकून घेऊ, माती उद्या काढू, एका दिवसात काही पूल पडत नाही. तोवर अळीमिळी गुपचिळी. ती म्हणाली, मी लेखी देते, मुलं या पुलावर चढणार नाहीत. साहेबांचा आवाज चढला.

“लेखी देणारच असशील तर माळ्यानं फसवलं असं लिही. नाहीतर नोकरी गेली समज.”

दत्तोबांनी सगळं ऐकलं होतं.

“लिवा, ताई,” ते म्हणाले. “सही येत न्हाय मला. अंगठा कुठं लावू?”

वैदेहीनं पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. दत्तोबा अंगठा पुढं धरूनच उभे होते. वाचून दाखवा म्हणाले, तसं तिनं वाचलं.

“वाफे खणून न बघता मी सही केली. पूल आज उघडू नये. वैदेही.”

दत्तोबा पुढचं ऐकायला थांबले. पुढं काही नव्हतं.

तिनं कागदाचा फोटो काढून साहेबांना पाठवला आणि पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवी दोरी बांधली. उद्घाटनाच्या मंडपाकडून दोघंतिघं हातवारे करत धावत येत होते. खिशातला फोन वाजू लागला, बंद झाला, पुन्हा वाजू लागला.

ती वळली तेव्हा दत्तोबा मधल्या वाफ्याशी बसले होते. उपटलेलं रोप त्यांनी मांडीवर आडवं घेतलं होतं आणि आपल्या रानातली माती ते बोटांनी मुळांपासून सोडवत होते, एकही मूळ तुटू न देता. शेजारी दोन घमेली होती. एक त्यांनी तिच्यासाठी आणलं होतं.