चाळीस रेघा

नावेत काय काय होतं ते आधी सांगते. नाव ॲल्युमिनियमची, चौदा फुटी, वजन पंच्याण्णव किलो. मागच्या फळीच्या मधोमध पंधरा हॉर्सपॉवरची मोटर, एक्कावन्न किलो. तिच्या उजवीकडे पंचेचाळीस सेंटीमीटरवर अडीच हॉर्सपॉवरची जुनी मोटर, सतरा किलो. पेट्रोलच्या दोन कॅन, मिळून अठरा किलो. सहा मीटरचा बांबू, त्याला लोंबणारे चोवीस लोखंडी गळ, तो बुडावा म्हणून बांधलेले दगड, आणि जादा दगडांचं एक पोतं. साठ मीटर दोर. अर्धी पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची बाटली. माणसं तीन: छोट्या मोटरच्या दांड्यावर नत्थुजीबाबा, बांबूच्या दोरावर पियुषभाऊ, आणि मधल्या फळीवर वही घेऊन मी.

शेखरदादाला शोधायला निघालो होतो. तो माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. रविवारी पहाटे तो एकटाच जाळं काढायला गेला. दुपारी त्याचा डोंगा रिकामा तरंगताना सापडला आणि जवळच त्याचं फाटलेलं जाळं. जाळ्याचा नऊ मीटरचा तुकडा गायब होता. शोधपथक सोमवारी आणि मंगळवारी शोधून गेलं. उरले बुधवार आणि गुरुवार. शुक्रवारी सकाळी सहाला धरणाचं दार उघडणार होतं. तेल्हाऱ्याकडच्या गव्हा-हरभऱ्याला पाणी सुटणार होतं, आणि पाणी सुटलं की चार दिवस धरणात नाव घालायला बंदी असते.

आम्ही भोई. कुणी बुडालं की पोलीस आम्हालाच बोलावतात. त्या कामाचे पैसे आम्ही घेत नाही, चहाही घेत नाही, आणि माणूस सापडेपर्यंत गावातलं एकही जाळं ओलं होत नाही. पण या वेळी माणूस आमचाच होता. त्याची आई, माझी मोठी माय दुर्गाबाई, रविवारपासून काठावर बसून होती. ती रडत नव्हती. नाव पाण्यात ढकलताना तिनं माझं मनगट धरलं.

"मले त्याचं तोंड पाहू दे. बाकी काई नोको."

नत्थुजीबाबा तिला म्हणाले, थंडीचं पाणी हाय, सहा दिवस चेहरा राह्यते. म्हणजे शुक्रवारपर्यंत.

शोधायची जागा, म्हणजे डोंगा सापडला ती, गावापासून सात किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत शिरलेल्या फाट्यात होती. तिथे रस्ता नाही. छोट्या मोटरनं तिथे पोचायला दीड तास लागतो, मोठीनं वीस मिनिटं. पण गळ ओढायला मोठी चालत नाही. कितीही कमी केली तरी ती इतकी जोरात पळते की बांबू तळ सोडून वर येतो. म्हणून दोन्ही मोटरी हव्या होत्या.

नत्थुजीबाबांचं म्हणणं असं, की तिथे पोचल्यावर मोठी काढून काठावर ठेवायची आणि छोटी मधोमध लावायची. संध्याकाळी परत उलट. मी हिशोब केला. एका अदलाबदलीला चाळीस मिनिटं. दोन दिवसांत चार अदलाबदली, म्हणजे एकशे साठ मिनिटं. फाट्याची रुंदी सहाशे मीटर. गळ ओढत ती एकदा पार केली की एक रेघ, आणि तिला, वळण धरून, सत्तावीस मिनिटं. त्यांच्या पद्धतीनं दोन दिवसांत चौतीस रेघा होत होत्या, माझ्या पद्धतीनं, म्हणजे मोठी न काढता छोटी तिच्या उजवीकडेच ठेवून, चाळीस. जागेला चाळीसच लागत होत्या.

"एका बाजूच्या बैलानं गाडी वढत असते काय?" नत्थुजीबाबा म्हणाले. पियुषभाऊ हसला आणि म्हणाला, बाबा, तिनं अकोल्यात तीन वर्षं हेच शिकलं.

मी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. आमच्या सोसायटीत माझ्याएवढं कुणी शिकलेलं नाही. छोटी मोटर उजवीकडे लावल्यावर नाव उजवीकडे कलली. मी दोन्ही कॅन डावीकडे पुढे सरकवल्या, दगडांचं पोतं डाव्या कडेला लावलं, पियुषभाऊला एक वीत पलीकडे बसवलं. मग बाटली फळीवर आडवी ठेवली. तिच्यातलं पाणी दोन्हीकडे सारखं होईपर्यंत मी पोतं हलवत राहिले. शेवटी नाव इतकी सपाट उभी राहिली की मला बरं वाटलं. त्या दिवसांत मला बरं वाटल्याची ती एकच वेळ, म्हणून ती लक्षात आहे.

दोन्ही काठांवर दर सहा मीटरला आम्ही चिंधी बांधलेली काडी रोवली. नत्थुजीबाबांनी समोरच्या चिंधीवर नावेचं नाक धरायचं आणि सोडायचं नाही. आमच्याकडे नाव अशीच हाकतात, झाडावर नाहीतर दगडावर नाक धरून. काठावर पोचलो की मी वहीत चौकोनांच्या कागदावर पट्टीनं रेघ ओढायचे आणि तिला आकडा द्यायचे. मग पुढची चिंधी धरून उलट यायचं. फोन खिशात चालू होता. वाट नोंदवणारं ॲप त्यात सुरू होतं, पण चार्जिंग वाचावं म्हणून मी तो उघडला नाही. दोन्ही टोकं बरोबर चिंधीवर येत होती. मधलं तपासायची गरज मला वाटली नाही.

बुधवारी नवव्या रेघेला नत्थुजीबाबा म्हणाले, "पोरी, नाव वाकडी चालून राहिली."

मी बाटली दाखवली. पाणी सपाट होतं.

"वाकडी उभी नाई म्हणत मी," ते म्हणाले. मग थोडा वेळ बाटलीकडे पाहून म्हणाले, "तू म्हणतं तं असन बरोबर."

संध्याकाळी काठावर ते लोकांना सांगत होते, की आमच्या पोरीनं असा हिशोब लावला की एक हात जागा सुटत नाई. मोठी माय ते ऐकत होती. शेखरदादाची बायको रागिणीवहिनी तिच्या शेजारी होती. बांगड्या हातात, कपाळावर कुंकू. माणूस समोर आल्याशिवाय ते काढता येत नाही, आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

गुरुवारी पावणेसहाला चाळिसावी रेघ संपली. गळाला एक फाटकं पोतं, बाभळीच्या फांद्या आणि कुणाची तरी चप्पल लागली. चप्पल शेखरदादाची नव्हती. वहीत चाळीस सरळ रेघा होत्या, मध्ये कुठेही फट नव्हती. मी मोठ्या मायला सांगितलं की तो त्या जागेत नाही. माझ्या आवाजात जराही शंका नव्हती.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं. दुपारी काही करायचं नव्हतं म्हणून मी फोनमधली वाट उघडली.

रेघा सरळ नव्हत्या. प्रत्येक रेघ मध्यभागी तीन मीटर वाकलेली होती. फोनची चूक तीन-चार मीटरची असते, पण ती कुठल्याही दिशेला असते. इथे चाळीसच्या चाळीस रेघा नावेच्या डाव्या हाताला वाकल्या होत्या. मी वजनं तोलली होती, मोटरचा रेटा तोलला नव्हता. उजव्या कडेची मोटर नावेचं नाक डावीकडे वळवते. नत्थुजीबाबा दांडा वाकडा धरून नाक चिंधीवर आणत होते, आणि नाव नाक सरळ ठेवून डावीकडे सरकत होती. जाताना डावं एकीकडे, येताना डावं दुसरीकडे. त्यामुळे दुसरी रेघ मध्यावर तिसरीच्या अंगावर गेली होती, चौथी पाचवीच्या. पहिली आणि दुसरी एकमेकींपासून दूर, तिसरी आणि चौथी दूर. मधल्या पट्ट्यात आम्ही अर्धी जागा दोनदा शोधली होती आणि अर्ध्या जागेत गळ गेलाच नव्हता.

मी फोन घेऊन नत्थुजीबाबांकडे गेले. त्यांना आकडे वाचावे लागले नाहीत, चित्र पुरलं.

"मी बोललो होतो," ते म्हणाले. त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "पन जोरात नाई बोललो."

आम्ही दोघं धरणाच्या चौकीवर गेलो. तिथल्या माणसानं चित्र नीट पाहिलं, हात जोडले आणि सांगितलं की मंगळवारच्या सकाळपर्यंत तो कुणालाच सोडू शकत नाही, पाणी ओढतं, अजून तिघं जायचे. तो खोटं बोलत नव्हता. शनिवार, रविवार, सोमवार आम्ही काठावर बसलो. कुठे शोधायचं ते मला ठाऊक होतं. सहा दिवस कधीच संपले होते.

मंगळवारी पाणी साठ सेंटीमीटर उतरलं होतं. या वेळी मोठी मोटर आम्ही काठावर काढून ठेवली. चाळीस मिनिटं लागली. छोटी मधोमध लावून निघालो, आणि गळ टाकावाच लागला नाही. फाट्याच्या मध्यावर थर्माकोलचे दोन पांढरे तुकडे वर आले होते, जाळ्याचे. नऊ मीटरचा तो तुकडा शेखरदादाभोवती गुंडाळलेला होता.

नावेतच नत्थुजीबाबांनी चादर घातली आणि चारही बाजूंनी दोरीनं बांधली. काठावर मोठी माय उठून पुढे आली. पियुषभाऊनं तिचे दोन्ही हात धरले. गाठी पाहून तिला कळलं. तिनं सोडवायचा प्रयत्न केला नाही.

मग ती माझ्याकडे वळली. "तू तं म्हणाली होती, तिथं नाई."

मी हो म्हणाले.

तिनं चादरीवर, जिथे तोंड असेल तिथे, हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

रात्री मी वहीत नोंद केली. जागा सतराव्या आणि अठराव्या रेघेच्या मध्ये. फोनमधल्या सतराव्या रेघेपासून सहा मीटर, अठराव्या रेघेपासून सहा मीटर. फोनची चूक अधिक-उणे तीन-चार मीटर. बांबूची पोच दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर. खोली, दोरीनं मोजलेली, चार मीटर दहा सेंटीमीटर.